नऊ वर्षांच्या मुलीला एडीएचडीचे निदान झाले आहे; पुढच्या पंधरा-वीस वर्षांविषयी अभ्यास काय सांगतात?

गोदाकाठ (नाशिक)

सर्वांना नमस्कार. माझी मुलगी नऊ वर्षांची असून चौथीत शिकते. अलीकडेच बालमनोविकारतज्ज्ञांनी तिला एडीएचडी (अवधानाची कमतरता आणि अतिचंचलता यांचा विकार) असल्याचे निदान केले. तिच्यात अतिचंचलता फारशी नाही, अवधानाची कमतरता हाच मुख्य भाग आहे, असे त्यांनी सांगितले. ती वर्गात जागा सोडून पळत नाही, कोणाशी भांडत नाही, बाईंना उलट बोलत नाही. फळ्यावरचे अर्धे उतरवून होते आणि उरलेले राहून जाते. गणित तोंडी बरोबर सांगते, पण वहीत हातचा घ्यायला विसरते. डबा, पाण्याची बाटली आणि कंपासपेटी यांपैकी काहीतरी रोज शाळेत राहते. घरात तिला सगळे प्रेमाने 'वेंधळी' म्हणतात आणि ती हल्ली स्वतःही स्वतःला तेच म्हणू लागली आहे.

निदानानंतर मी या विषयावर वाचू लागले आणि वाचून माझी झोप उडाली. नातेवाईक सांगतात की मोठी झाली की हे सगळे आपोआप जाईल. वाचनात मात्र अमेरिकेतील मुलींमधील आत्महत्येच्या प्रयत्नांचे आकडे येतात आणि डेन्मार्कमधील मृत्युदराचे आकडे येतात. या दोन टोकांमध्ये खरे काय आहे, हे मला समजून घ्यायचे आहे. मुलींचा दीर्घकाळ पाठपुरावा केलेल्या अभ्यासांत नेमके काय आढळले? ते आकडे माझ्या मुलीला कितपत लागू होतात? औषधामुळे पुढच्या आयुष्यात फरक पडतो का, की तो फक्त शाळेपुरता असतो? सासूबाईंना औषधाची सवय लागेल अशी भीती वाटते. आणि आज तिच्या नवव्या वर्षी आम्ही नेमके काय सांभाळावे? ज्यांना या विषयाची माहिती किंवा अनुभव आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

बालमन (पुणे)

ताई, मी बालमनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करतो. तुमच्या मुलीला मी तपासलेले नाही, त्यामुळे तिच्या उपचारांचा निर्णय तुमचे डॉक्टर आणि तुम्हीच घ्यायचा आहे. मात्र तुम्ही वाचलेले आकडे कोठून आले आणि ते कसे वाचावेत, हे सांगणे मला अत्यंत आवश्यक वाटते, कारण संदर्भाशिवाय वाचलेला आकडा पालकांना फार छळतो.

अमेरिकेतील ज्या आकड्यांचा तुम्ही उल्लेख केला आहे ते बहुधा बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ स्टीफन हिनशॉ यांच्या अभ्यासातील आहेत. तोपर्यंत एडीएचडीवरील बहुतेक संशोधन मुलग्यांवर झाले होते. हिनशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९७, १९९८ आणि १९९९ अशा तीन उन्हाळ्यांत सहा ते बारा वर्षांच्या मुलींसाठी शिबिरे भरवली. एकूण २२८ मुलींपैकी १४० जणींना एडीएचडी होते आणि ८८ मुली तुलनेसाठी घेतल्या होत्या. वर्गात, खेळताना आणि एकट्या असताना त्या कशा वागतात, याच्या बारकाईने नोंदी झाल्या; पुढे सुमारे पाच, दहा आणि सोळा वर्षांनी त्याच मुलींना पुन्हा भेटून त्यांची स्थिती तपासली गेली. दहा वर्षांनंतरही त्यांतील सुमारे ९५ टक्के मुली अभ्यासात टिकून होत्या. इतक्या दीर्घ पाठपुराव्यात इतके प्रमाण टिकणे दुर्मीळ असते, आणि म्हणूनच या अभ्यासाला वजन आहे.

दहा वर्षांनंतरच्या, म्हणजे मुली साधारण विशीच्या उंबरठ्यावर असतानाच्या निष्कर्षांनी सर्वांनाच धक्का दिला. ज्या मुलींमध्ये लहानपणी अवधानाच्या कमतरतेबरोबर अतिचंचलता आणि उतावळेपणाही होता, त्यांच्यापैकी सुमारे २२ टक्के मुलींनी आत्महत्येचा प्रयत्न केला होता आणि निम्म्या मुलींनी कधी ना कधी स्वतःला इजा करून घेतली होती. केवळ अवधानाची कमतरता असलेल्या मुलींमध्ये हेच प्रमाण अनुक्रमे सुमारे ८ आणि २९ टक्के होते, तर तुलनेच्या गटात ते ६ आणि १९ टक्के होते. हे तीनही गट शेजारी ठेवून वाचणे गरजेचे आहे. तुमच्या मुलीच्या प्रकारात आत्महत्येच्या प्रयत्नांचे प्रमाण तुलनेच्या गटाच्या जवळपास होते. मात्र या प्रकारच्या मुली अभ्यासात ४७ होत्या, त्यामुळे 'आमच्या मुलीला धोका नाही' असाही निष्कर्ष काढू नये. याच टप्प्यावर आणखी एक गोष्ट दिसली, जी फारशी सांगितली जात नाही: व्यसनांच्या आणि खाण्याच्या विकारांच्या बाबतीत एडीएचडी असलेल्या मुली आणि तुलनेच्या मुली यांच्यात ठोस फरक आढळला नाही. सगळ्याच बाबतींत वाईट घडते, असे या अभ्यासाने कधीही म्हटलेले नाही.

सोळा वर्षांनंतर या मुली पंचविशीत होत्या. तेव्हा असे दिसले की काही जणींमध्ये लक्षणे निदानाच्या पातळीखाली गेली होती, तरीही शिक्षणातली पिछाडी आणि अनियोजित गर्भधारणा या दोन बाबतींत त्या तुलनेच्या मुलींपेक्षा वेगळ्याच राहिल्या. अनियोजित गर्भधारणेचे प्रमाण एडीएचडीच्या गटात ४० टक्क्यांहून अधिक होते, तर तुलनेच्या गटात ते सुमारे १० टक्के होते. स्वीडनमधील मोठ्या आरोग्य-नोंदींवर आधारलेल्या २०१९ सालच्या अभ्यासातही किशोरवयीन मातृत्वाचे प्रमाण एडीएचडी असलेल्या मुलींमध्ये सुमारे १५ टक्के आणि इतर मुलींमध्ये ३ टक्क्यांहून कमी होते. आपल्याकडची कुटुंबव्यवस्था आणि लग्नाच्या रीती वेगळ्या आहेत, म्हणून हे प्रमाण जसेच्या तसे येथे आणता येणार नाही. तरीही त्यामागे जे असते, म्हणजे क्षणाच्या भरात निर्णय घेणे, परिणामांचा विचार मागाहून सुचणे आणि कोणी आपलेसे केले की त्याला नकार देता न येणे, त्याला देशाच्या सीमा नसतात. मुलीला शरीराविषयी, संमतीविषयी आणि गर्भनिरोधनाविषयी योग्य वयात मोकळेपणाने आणि पुन्हा पुन्हा सांगणे हा माझ्या मते एडीएचडीच्या उपचाराचाच भाग आहे, आणि आपल्याकडे नेमका तोच भाग गाळला जातो.

आता 'मोठी झाली की जाईल' या समजुतीविषयी. अमेरिका आणि कॅनडातील अनेक केंद्रांवर ५७९ मुलांचा समावेश असलेला एक मोठा उपचार-अभ्यास झाला, त्याचे पहिले निष्कर्ष १९९९ साली आले. त्यातील मुलांचा सोळा वर्षे पाठपुरावा करून २०२२ साली जे प्रसिद्ध झाले ते असे: एडीएचडी कायमचे ओसरले आणि ओसरलेलेच राहिले, अशी मुले सुमारे ९ टक्के होती, सतत तितकेच तीव्र राहिले अशीही सुमारे ११ टक्केच होती, आणि जवळजवळ दोन तृतीयांश मुलांमध्ये ते कधी कमी, कधी पुन्हा जास्त असे होत राहिले. त्या अभ्यासात मुली पाचातल्या एक इतक्याच होत्या, तरी हे चित्र मला दवाखान्यातही ओळखीचे वाटते. एखादे वर्ष उत्तम जाते, पालकांना वाटते सुटलो. मग शाळा बदलते, वसतिगृह येते किंवा बाळंतपण येते आणि लक्षणे पुन्हा डोके वर काढतात. तुमच्या नातेवाइकांचे म्हणणे त्यामुळे पूर्ण चूक नाही, पण त्यावर विसंबून पाठपुरावा सोडणे धोक्याचे आहे.

डेन्मार्कचा अभ्यास २०१५ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आला. सुमारे १९ लाख लोकांच्या नोंदींवरून असे दिसले की एडीएचडी असलेल्यांमध्ये मृत्यूचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट होते आणि मुली व स्त्रियांमध्ये ही वाढ पुरुषांपेक्षा अधिक होती. 'दुप्पट' हा शब्द वाचून छातीत धस्स होते, म्हणून मूळ प्रमाण सांगतो. एडीएचडी असलेल्या दहा हजार व्यक्तींमागे वर्षाला सुमारे सहा मृत्यू आणि इतरांमध्ये सुमारे दोन, एवढे ते होते; वय, लिंग यांसारखे इतर फरक हिशेबात घेतल्यावर ते दुप्पट ठरते. त्यांतील सर्वांत मोठे कारण अपघात हे होते. म्हणजे नऊ वर्षांच्या मुलीच्या आईने यातून घ्यायचे ते इतकेच की रस्ता ओलांडणे, पोहणे आणि पुढे दुचाकी चालवणे या गोष्टी इतर मुलींपेक्षा सावकाश, जास्त सरावाने आणि जास्त वेळ सोबत राहून शिकवाव्यात. परवान्याचे वय झाले म्हणून लगेच स्कूटीची किल्ली हातात देऊ नये.

औषधाविषयी जे ठाऊक आहे ते मी दोन भागांत सांगेन. औषध चालू असतानाचा फायदा भक्कमपणे सिद्ध झालेला आहे. अमेरिकेतील २०१७ सालच्या एका मोठ्या विश्लेषणात एडीएचडी असलेल्या स्त्रियांमध्ये औषध चालू असलेल्या महिन्यांत वाहन-अपघातामुळे तातडीच्या उपचारांची वेळ येण्याचे प्रमाण औषध नसलेल्या महिन्यांपेक्षा सुमारे ४० टक्क्यांनी कमी होते. स्वीडनमधील २०२४ सालच्या अभ्यासात निदानानंतर औषध सुरू करणाऱ्यांमध्ये पुढच्या दोन वर्षांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे पाचव्या हिश्श्याने कमी आढळले. हे नोंदींवरून काढलेले संबंध आहेत. औषध घेणारी आणि न घेणारी माणसे इतर बाबतींतही वेगळी असू शकतात, हे लक्षात ठेवावे लागते. दुसरा भाग कमी आशादायक आहे. मी वर सांगितलेल्या ५७९ मुलांच्या अभ्यासात चौदा महिन्यांच्या काटेकोर उपचारांनंतर औषध घेणारे गट स्पष्टपणे पुढे होते, पण त्यानंतर प्रत्येक कुटुंब आपापल्या मर्जीने उपचार घेऊ लागले आणि तिसऱ्या वर्षापर्यंत गटांमधला फरक मावळला. लहानपणी काही महिने दिलेले औषध पुढच्या पंधरा वर्षांची शिदोरी ठरत नाही. चष्मा लावलेला असतानाच स्पष्ट दिसते, तसाच हा प्रकार आहे. त्यामुळे औषधाने जो काळ मोकळा होतो त्यात वाचन, नियोजन, मैत्री आणि स्वतःला सावरणे ही कौशल्ये मुलीच्या अंगवळणी पाडणे महत्त्वाचे ठरते.

सवयीच्या भीतीविषयी सासूबाईंना निश्चिंतपणे सांगा की लहानपणी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेतलेल्या या औषधांमुळे पुढे व्यसनाधीनता वाढते, असे दीर्घ पाठपुराव्यांत आढळलेले नाही. ज्यावर खरोखर लक्ष ठेवायला हवे त्या गोष्टी म्हणजे भूक, झोप, रक्तदाब आणि उंची. अनेक वर्षे सलग औषध घेतलेल्या मुलांची प्रौढ उंची सरासरीने काही सेंटिमीटर कमी राहिल्याचे दिसले आहे, म्हणून दर भेटीत उंची-वजन नोंदवून घ्या.

तुमचा शेवटचा प्रश्न मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. बर्कलीच्या मुलींमध्ये कोणाचे काय झाले, यातील फरक कशाने पडला हेही तपासले गेले आहे. ज्यांचा लहानपणी छळ झाला होता किंवा ज्यांची आबाळ झाली होती, त्यांच्यात पुढे स्वतःला इजा करून घेण्याचे प्रमाण खूप जास्त होते. किशोरवयात बरोबरीच्या मुलींनी केलेली टिंगल आणि एकटे पाडणे हाही त्या वाटेवरचा एक दुवा होता. आणि ज्या मुली सावरल्या, त्यांच्याविषयी २००६ साली प्रसिद्ध झालेला एक निष्कर्ष मला फार मोलाचा वाटतो: आपण अभ्यासात बऱ्या आहोत असे ज्या मुलींना स्वतःला वाटत होते आणि ज्या एकट्या असताना काही हेतू धरून, मन लावून खेळत होत्या, त्या किशोरवयात अधिक चांगल्या स्थितीत होत्या. यांतील पहिली गोष्ट प्रत्यक्ष गुणांपेक्षा वेगळी आहे. तुमची मुलगी स्वतःला 'वेंधळी' म्हणू लागली आहे, हे तुम्ही सहज एका वाक्यात लिहिले आहे. माझ्या दृष्टीने तुमच्या संपूर्ण पत्रातील सर्वांत आधी हाताळायची गोष्ट तीच आहे.

अबोली (सांगली)

वरील उत्तर वाचल्यावर लिहावेसे वाटले. मला एडीएचडीचे निदान तिशी उलटल्यावर झाले आणि माझाही प्रकार गोदाकाठ यांच्या मुलीसारखाच, शांत मुलीचा आहे. स्टॉकहोम परिसरातील नोंदींच्या एका अभ्यासात मुलींचे आणि स्त्रियांचे निदान पुरुषांपेक्षा सरासरी चार वर्षे उशिरा होते असे आढळले होते. ते वाचून मला आश्चर्य वाटले नाही. शांत बसलेल्या मुलीची तक्रार कोण करणार?

निदान नसताना वाढणे म्हणजे काय असते, हे मला सांगावेसे वाटते, कारण तुमच्या मुलीला निदान नवव्या वर्षी मिळाले आहे आणि ही गोष्ट छोटी नाही. मी दहावीपर्यंत चांगले गुण मिळवले. ते कसे मिळवले, हे कोणी विचारले नाही. इतर मुली संध्याकाळी जो अभ्यास तासाभरात संपवत, त्याला मी रात्र घालवत असे आणि तरीही सकाळी काहीतरी राहून गेल्याचे लक्षात येई. सगळे काही दोनदा तपासायचे, कोणाला कळू द्यायचे नाही, चूक झाली की आधी आपणच हसायचे, असे मी ठरवून टाकले होते. बाहेरून पाहणाऱ्याला जबाबदार मुलगी दिसत असे. आत मात्र 'आपल्यात काहीतरी मुळातच कमी आहे आणि एक दिवस ते उघडे पडणार' ही धास्ती कायम होती. बारावीत अभ्यासक्रम वाढला, माझ्या युक्त्या पुरेनाशा झाल्या आणि मी कोसळले. त्यानंतर कित्येक वर्षे माझ्यावर नैराश्याचे आणि चिंतेचे उपचार झाले. ते आजार खरेच होते, उपचारांचा उपयोगही झाला, पण त्यांच्या मुळाशी काय आहे याकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

बाळंतपणानंतरचा काळ माझ्यासाठी सर्वांत कठीण होता. पुढे वाचले की स्वीडनमधील २०२३ सालच्या एका अभ्यासात एडीएचडी असलेल्या स्त्रियांपैकी सुमारे १७ टक्के स्त्रियांना बाळंतपणानंतर नैराश्याचे निदान झाले होते, तर इतर स्त्रियांमध्ये ते प्रमाण सुमारे ३ टक्के होते. हे मला आधी ठाऊक असते, तर मी आणि माझ्या घरच्यांनी तयारी ठेवली असती, रात्रीची पाळी कोण घेणार हे आधीच ठरवले असते, डॉक्टरांना आधीच सांगितले असते. तुमच्या मुलीसाठी हे दूरचे आहे. तरी तिच्या निदानाचे कागद जपून ठेवा आणि ती मोठी झाल्यावर तिच्या हाती द्या. कारण पुढे तिला तपासणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला ही माहिती लागणार आहे.

आमच्यासारख्या मुलींच्या बाबतीत घरकामाचा प्रश्नही वेगळा असतो. माझ्या भावाचे कपाट अस्ताव्यस्त असले तर 'मुलगाच तो' असे म्हणून सोडून दिले जाई, माझे कपाट पाहिले की 'सासरी काय दिवे लावणार' असे ऐकावे लागे. एकाच त्रुटीसाठी मुलीला दुप्पट बोलणी बसतात. कृपया तुमच्या घरात हे होऊ देऊ नका.

माझे आज बरे चालले आहे. औषध चालू आहे, नोकरी आहे, आणि घरात सगळ्या गोष्टींच्या जागा ठरलेल्या आहेत.

शाळेतली ताई (कोल्हापूर)

मी एका शाळेत समुपदेशक आहे. व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी सांगते.

शाळेला निदान कळवावे की नाही, असा प्रश्न पालकांना नेहमी पडतो. माझे मत असे आहे की वर्गशिक्षिकेला आणि मुख्याध्यापकांना जरूर कळवावे, पण वर्गासमोर त्याचा उल्लेख होणार नाही, हे आधीच स्पष्ट करून घ्यावे. मागणी नेमकी करावी. 'तिला समजून घ्या' असे सांगितले तर बाई मान डोलावतात आणि साठ मुलांच्या वर्गात विसरून जातात. 'तिला पहिल्या किंवा दुसऱ्या बाकावर, खिडकीपासून दूर बसवा; फळ्यावरचा गृहपाठ उतरवला का ते शाळा सुटताना एकदा पाहा; सूचना एका वेळी एकच द्या; आणि वही अपुरी राहिली म्हणून मधल्या सुट्टीत बसवून ठेवू नका' असे लेखी दिले की ते पाळले जाण्याची शक्यता खूप वाढते. मधली सुट्टी तर काढून घेऊच नये, कारण मैत्री तिथेच होते.

दुसरी गोष्ट कायद्याची. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अपंगत्वाचे २१ प्रकार दिले आहेत. त्यांत विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणित शिकण्यातली अडचण) आहे, स्वमग्नता आहे, पण एडीएचडीचे स्वतंत्र नाव नाही. आपल्या राज्यमंडळाच्या परीक्षेत जादा वेळ किंवा लेखनिक अशा सवलती अध्ययन अक्षमतेच्या प्रमाणपत्रावर मिळतात. एडीएचडी असलेल्या बऱ्याच मुलांना अध्ययन अक्षमताही असते आणि ती तपासल्याशिवाय कळत नाही. मुलगी चौथीत आहे, म्हणजे ही तपासणी करून घेण्याचे वय झाले आहे. दहावीच्या वर्षी धावपळ करण्यापेक्षा आताच करून घ्या.

आणि सहावी-सातवीपासून मैत्रिणींच्या गटांकडे लक्ष ठेवा. मुलींमध्ये सहसा मारामारी होत नाही. वाढदिवसाला न बोलावणे, डब्याच्या वेळी जागा न देणे, मोबाइलवरच्या गटातून काढून टाकणे, असे होते. ते शिक्षकांना दिसत नाही आणि मुलगी घरी सांगत नाही.

मुलुंडकर बाबा

माझ्या मुलीचे निदान आठव्या वर्षी झाले, आज ती पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे. सगळा प्रवास सुरळीत झाला असे नाही. अकरावीत एका मैत्रिणीच्या पालकांचा फोन आला, तेव्हा आम्हाला कळले की ती मनगटावर ओरखडे काढते. आम्ही रागावलो नाही, रडारडही केली नाही. तिला सरळ विचारले की जीव द्यावासा वाटतो का. डॉक्टरांनीच पूर्वी सांगून ठेवले होते की असा प्रश्न विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. ती बोलली. त्याच आठवड्यात उपचार बदलले, समुपदेशन सुरू झाले, घरातल्या गोळ्या आम्ही कुलपात ठेवल्या. ज्या गावांत तज्ज्ञ लगेच भेटत नाहीत तिथल्या पालकांसाठी सांगतो, केंद्र सरकारची टेलिमानस ही मानसिक आरोग्याची मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि तिथे मराठीत बोलता येते.

तिला सावरण्यात तिच्या बासरीचा मोठा वाटा आहे असे मला वाटते. अभ्यासात मन लागत नसतानाही ती बासरी घेऊन बसली की तास-दोन तास बसत असे. 'एवढे लक्ष अभ्यासात का नाही' हे वाक्य आमच्या घरात उच्चारायचे नाही, असा नियम तिच्या आईने केला होता. बालमन यांनी एकट्याने मन लावून खेळण्याविषयी लिहिलेले वाचून मला त्याचे महत्त्व आज नव्याने कळले.

गोदाकाठ (नाशिक)

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. 'वेंधळी' हा शब्द आजपासून बंद, असे मी घरात सांगितले आणि यजमानांनी ते लगेच मान्य केले. सासूबाईंना वेळ लागेल. माझी मुलगी कागदाच्या घड्या घालून प्राणी बनवत तासन्‌तास बसते. आम्ही ते अभ्यासाच्या वेळी काढून घेत होतो, आता त्याला वेगळा वेळ देणार आहोत.

बालमन यांना आणखी दोन प्रश्न विचारते. डॉक्टरांनी मिथाइलफेनिडेट लिहून दिले आहे. औषधाच्या दुकानात चिठ्ठीच्या दोन प्रती मागितल्या आणि एक ठेवून घेतली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की इतके कडक नियम असलेले औषध लहान मुलीला कशाला द्यायचे. त्यांना काय सांगावे? आणि हे औषध किती वर्षे घ्यावे लागेल, हे कसे ठरते?

बालमन (पुणे)

मिथाइलफेनिडेट आपल्या औषध नियमांच्या 'एक्स' परिशिष्टात येते. त्या परिशिष्टातील औषधांची चिठ्ठी दोन प्रतींत द्यावी लागते आणि एक प्रत दुकानदाराने दोन वर्षे जपून ठेवायची असते. हे औषध उत्तेजक गटातील असल्यामुळे ज्यांना गरज नाही अशी माणसे त्याचा गैरवापर करू शकतात, परीक्षेच्या काळात जागरणासाठी तर हमखास. नियम त्यांना आवरण्यासाठी आहे. तुमच्या मुलीला ठरलेल्या मात्रेत, नियमित तपासणीसह ते देण्यात या नियमाने कोणताही धोका सुचवलेला नाही. गोळ्या मात्र तुमच्याच ताब्यात ठेवा आणि ती कॉलेजात गेल्यावर मैत्रिणींना देऊ नयेत, हेही तिला सांगा. भूक फार कमी झाली किंवा झोप बिघडली, तर मात्रा किंवा वेळ बदलता येते. उत्तेजक नसलेले अॅटोमॉक्सेटिनही आपल्याकडे उपलब्ध आहे, मात्र त्याचा परिणाम दिसायला काही आठवडे लागतात.

किती वर्षे, याचे उत्तर आज कोणीही देऊ शकणार नाही, आणि जे ठामपणे देतील त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. लक्षणे कमी-जास्त होत राहतात असे मी वर लिहिले, त्याचाच हा परिणाम आहे. साधारण वर्षातून एकदा गरज पुन्हा तपासावी. औषध थांबवून पाहायचे असेल तर ते डॉक्टरांना विचारून, आणि मे महिन्याच्या सुट्टीत न करता शाळा सुरू असताना, परीक्षा नसलेल्या आठवड्यांत करावे. सुट्टीत अवधानावर ताणच नसतो, त्यामुळे काहीच कळत नाही. वर्गशिक्षिकेला औषध थांबवल्याचे न सांगता मुलीच्या वागण्याविषयी आणि वहीविषयी विचारावे. पाचवीत शाळा किंवा वर्ग बदलणार असेल तर पहिली सत्र परीक्षा होईपर्यंत हा प्रयोग करू नका. पाळी सुरू झाल्यावर काही मुलींमध्ये पाळीच्या आधीच्या दिवसांत लक्षणे वाढल्यासारखी दिसतात. तेव्हा दोन-तीन महिने दिनदर्शिकेवर नोंद ठेवून ती डॉक्टरांना दाखवा.